गोड धुराची प्राथमिक मार्गदर्शिका (कंग्राळी आवृत्ती)

कुणासाठी

ही मार्गदर्शिका ज्यांच्यासाठी लिहिली आहे ते गृहस्थ साधारण पन्नाशीचे आहेत. घरावर स्लॅब पडला आहे, मुलगा पुण्यात नाहीतर बेंगळुरात कामाला लागला आहे, आणि अलीकडे दाढी करताना आरशात बघितलं की आपल्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात काहीतरी कमी आहे असं त्यांना वाटू लागलं आहे. विडी त्या कोपऱ्याला शोभत नाही. सिगारेट कोण पण ओढतो. गायछाप असते ती गालाच्या आत, बाहेरून तिचा काही उपयोग नाही. उरला पाइप.

तुम्ही बेळगावजवळच्या कंग्राळी बुद्रुकचे असा की खुर्दचे, सूचना त्याच. एकवीस वर्षांखालच्यांनी मात्र इथंच पान उलटावं. त्यांना तंबाखू विकणं 2025 पासून कर्नाटकात गुन्हा आहे, आणि चारचौघांत ओढताना सापडलं तर दोनशेचा दंड आता हजाराचा झाला आहे. बाकीच्यांनी दंडाची रक्कम वरच्या खिशात वेगळी ठेवून पुढं वाचावं. आणि ज्यांना तंबाखू अजून कुठल्याच रूपात लागलेली नाही त्यांना आमचा खरा सल्ला असा, की त्यांनी हे नुसतं वाचावं. वाचून अजून कुणाची जीभ पोळलेली नाही.

पाइप आणणे

बेळगावच्या बाजारात जाऊन नुसतं ‘पाइप पाहिजे’ म्हणू नये. दुकानदार ‘किती इंची?’ म्हणून विचारेल, आणि एकदा बोअरवेलचा विषय निघाला की दुपार गेली.

चांगला पाइप भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणाऱ्या गाठीचा असतो. त्या लाकडाला ब्रायर म्हणतात. त्याचा गुण असा, की पोटात निखारा ठेवला तरी ते सहसा पेटत नाही. एवढा सोशिक माल अर्थातच महाग असतो. स्वस्तातला पाइप मक्याच्या कणसाचा. दाणे काढून उरलेलं कणीस कोरायचं आणि त्याला नळी बसवायची. अमेरिकेत मिसूरी राज्यात वॉशिंग्टन नावाच्या गावात एक कंपनी 1869 पासून हेच करते आहे आणि जगभर विकते आहे. आपल्या शिवारात असली कणसं चुलीत जातात ही गोष्ट घरी बोलू नये. कोणीतरी दोन कणसं आणि गिरमिट घेऊन बसेल.

तो धरायचा कसा यासाठी वेगळा अभ्यास लागत नाही, कारण सीमाभागात पाइप म्हटला की डोळ्यांपुढं एकच फोटो येतो: बाळासाहेब ठाकरे, जाड फ्रेमचा चष्मा, तोंडात पाइप. नंतरच्या काळात त्यांच्या हाती सिगार आला, पण आपल्याकडच्या पन्नाशीच्या माणसाच्या मनात ठसला तो पाइपच. तुम्ही तसे दिसणार नाही. हे आधीच सांगून ठेवणं मार्गदर्शकाचं काम आहे. शेरलॉक होम्सचाही दाखला कुणी देईल. तो आपली तंबाखू एका इराणी सपातेच्या टोकात ठेवायचा. कोल्हापुरी चपलेला पुढं तशी सोय नाही, आणि होम्सची तंबाखू होती जहाल, तेव्हा तुमच्या कामाची नाही.

तंबाखू

पाइपाची तंबाखू पानपट्टीवर मिळणार नाही. दुबईचा भाचा, जहाजावरचा मेव्हणा, गोव्याला जाणारा कुणीतरी, अशा वाटेनं एक पाकीट येतं. वर बहुधा एखादा कप्तान किंवा शिडाचं जहाज. आणि तीन आश्वासनं: सौम्य, गोड, सुगंधी.

इथं नवशिक्यानं एक गोष्ट मनाशी पक्की करावी. या तिन्हींतला एकही गुण तंबाखूचा नव्हे. ते तिला घातलेले असतात.

कसे, ते समजून घेण्यासारखं आहे. या मिश्रणांत बहुतेक करून बर्ली जातीचं पान असतं. फिकट बर्ली 1864 साली अमेरिकेत ओहायोमधल्या एका शेतात पहिल्यांदा नजरेस आली. हे पान छपराखाली टांगून नुसत्या वाऱ्यावर सुकवतात. सुकेपर्यंत त्याच्यातली साखर जवळजवळ संपून जाते आणि पान पोकळ, हलकं होतं. मग ते जे द्याल ते पितं, शिळ्या भाकरीनं आमटी प्यावी तसं. त्याला आधी साखरेचा, मधाचा, कोकोचा पाक पाजतात. काही पानांना वाफ देऊन, दाबून काळं करतात, त्याला कॅव्हेंडिश म्हणतात. शेवटी वरून व्हॅनिला, चेरी, रम, व्हिस्की यांपैकी काहीतरी शिंपडतात आणि हे सगळं ओलसर राहावं म्हणून आणखी एक रसायन घालतात. ‘कॅप्टन ब्लॅक’चं पांढरं पाकीट उघडल्यावर जो व्हॅनिलाचा लोट येतो तो असा बनतो. डेन्मार्कमध्ये स्वेंडबोर्ग नावाच्या बंदराच्या गावी ‘मॅक बॅरन’वाल्यांनी असल्या पाकात हयाती घातल्या.

दुसरं पान व्हर्जिनियाचं. ते बंद कोठारात गरम हवेवर सुकवतात, त्यामुळं साखर पानातच राहते. हे आपल्या राज्यात मैसूरकडे, हुणसूर-पिरियापट्टणच्या बाजूला होतं आणि तंबाखू मंडळाच्या लिलावात विकलं जातं. ते जातं मुख्यतः सिगारेटला.

आणि तिसरं पान कंग्राळीहून पाऊणशे किलोमीटरवर, निपाणीच्या काळ्या रानात. त्याला कोठार नाही, पाक नाही. शेंडा खुडायचा, बगलेतले फुटवे काढत राहायचं म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. पान पिकून तांबूस ठिपके आले की अख्खं झाड कापून तिथंच उन्हात आडवं घालायचं. दुपारी हात लावाल तर भुगा होतो. म्हणून उलटायचं, गोळा करायचं ते पहाटे, दव पडून पान मऊ झाल्यावर. ते विडीत जातं, आणि ज्याला त्याची सवय आहे त्याला दुसरं काही तंबाखू वाटतच नाही.

आता गंमत बघा. निपाणीत तंबाखू, आणि तासाभराच्या अंतरावर कोल्हापुरी गूळ. गोड पाइप तंबाखूला लागणारा सगळा जिन्नस एका एस्टीच्या टप्प्यात. आपल्या लोकांना ते सुचलं नाही असं मात्र नाही. तंबाखू कुटायची, गुळात किंवा काकवीत मळायची, वर अत्तर-मसाला, की झाली गुडगुडीत ओढायची गुडाखू. मराठेशाहीतल्या चित्रांत सरदार लोडाला टेकून हातात गुडगुडीची नळी धरून बसलेले दिसतात. त्या धंद्यात डेन्मार्कच्या कितीतरी आधी आपण होतो. सरदार गेले, गुडगुडी गेली, आणि गूळ चहात परत आला. हल्ली निपाणी भागातल्या कितीतरी रानांत तंबाखूच्या जागी ऊसच उभा आहे. साखर जिंकली, फक्त पाइपात न शिरता.

वास घेणे आणि देणे

पाकीट फोडल्यावर घाई करू नये. हा सगळ्या प्रकरणातला सर्वोत्तम क्षण आहे आणि तो परत येत नाही. घरातल्या सगळ्यांना वास द्यावा. गल्लीतल्यांनाही द्यावा. सौम्य, गोड, सुगंधी तंबाखूबद्दलची खरी मतं इथंच मिळतात, पेटवल्यानंतर नव्हे.

नातवाचं मत: केक.

शेजारच्या वहिनींचं मत भिंतीपलीकडून येतं. “कुणाच्या घरात कुंदा लागूलालाय गं?” दूध आटताना तळाला धरल्याचा वास त्यांना आला, आणि बेळगावच्या माणसाचं नाक कुंद्याच्या बाबतीत चुकत नाही. काळी कॅव्हेंडिश आणि लागलेला खवा यांच्यात फार अंतर नसतं.

मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन परतलेले काका वास घेतात आणि बराच वेळ बोलत नाहीत. मग सांगतात, मेसमध्ये साहेबाच्या खोलीत हाच वास यायचा. साहेब तोंडावळ्यानं कसा होता? ते काही आठवत नाही. वास मात्र पक्का.

पानपट्टीवाला व्यवहारी माणूस. तो म्हणतो, “मालक, हे मसाला पानात घालून बघूया काय?” त्याला नाही म्हणावं.

सगळ्यांत महत्त्वाचं मत गल्लीतल्या आज्याचं. देवळाच्या कट्ट्यावर बसलेला, कमरेला चंची, जर्द्याचा साठ वर्षांचा अनुभव. हा वास घेत नाही. तो चिमूटभर घेतो, तळहातावर टाकतो, डबीतला चुना नखानं लावतो, अंगठ्यानं मळतो, दोनदा थाप देऊन धूळ उडवतो (ही तंबाखू ओली असल्यानं धूळ उडत नाही, तो चकित होतो) आणि खालच्या ओठात बार भरतो. नवशिक्यानं या वेळी काही बोलू नये. आजा डोळे मिटतो. वाट बघतो. गाल या बाजूचा त्या बाजूला करतो. मग उठून गटारीपर्यंत जातो, थुंकतो, परत येऊन बसतो.

“वास झकास हाय,” तो म्हणतो. “तंबाखू कधी घालूलालास?”

जाणकारांनी या प्रकारच्या तंबाखूवर पानंच्या पानं लिहिली आहेत. आज्याच्या पुढं कुणी गेलेलं नाही.

भरणे

पाइप तीन थरांत भरतात. पाश्चात्त्यांचा जुना पाठ असा, की तळचा थर पोराच्या हातानं दाबावा, मधला बाईच्या आणि वरचा गड्याच्या. कंग्राळीतला नवशिक्या हे शब्दशः घेतो आणि नातवाला हाक मारतो. तसं करू नये. हात तिन्ही वेळा तुमचाच, फक्त जोर चढता ठेवायचा. मधल्या थराबद्दल आणखी एक सूचना. ज्यानं हा पाठ घालून दिला त्यानं पहाटे उठून पंचवीस भाकऱ्या थापणाऱ्या बाईचा हात बघितलेला दिसत नाही. आपल्याकडच्या बाईच्या हातानं दाबाल तर नळीतून हवाच येणार नाही. त्याचा जोर मनात आणू नका, हलकेच दाबा.

भरून झाल्यावर न पेटवता ओढून बघावं. हवा सहज आली तर सैल आहे, गाल आत गेले तर घट्ट आहे. दोन्हींच्या मधलं काहीतरी बरोबर असतं.

पेटवणे

लाकडी काडी घ्यावी. पेटल्यावर क्षणभर थांबावं, म्हणजे गुलाचा वास जळून जाईल. ज्योत तंबाखूवर गोल फिरवावी आणि हळू ओढावी. तंबाखूचे वरचे धागे वाकडे होऊन उभे राहतात आणि विझतात. ही खोटी पेट, ती विझायचीच. वर उठलेलं सगळं सपाट दाबून पुन्हा पेटवायचं. कट्ट्यावरचे लोक पहिल्या पेटीलाच हसतात. त्यांना समजावू नये.

बेळगावात जुलैत हे शिकायला घेऊ नये. सुगंधी तंबाखू मुळातच ओली असते. भरण्याआधी कागदावर पसरून ती थोडी सुकू द्यावी असा सगळीकडचा सल्ला आहे आणि तो बरोबर आहे. पण आपल्या पावसाळ्यात कागदावर पसरलेली तंबाखू सुकत नाही, कागदच भिजतो. अशी तंबाखू पेटवली की साखर आणि पाणी मिळून वाफ होते, ती नळीत गार होते, आणि पाच मिनिटांत पाइपातून गुरगुर ऐकू येते. शेजारचं मांजर उठून बसतं.

ओढणे

धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात घ्यायचा, ठेवायचा, सोडायचा. सिगारेटवाल्याला हे जमत नाही, विडीवाल्याला पटत नाही. छातीत घेतला नाही म्हणजे काही गेलं नाही असंही समजू नये. पाइपाचा धूर असा असतो की त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतूनच रक्तात उतरतं. नवशिक्याला घाम फुटतो, पाय हलके पडतात, आणि तो ‘फारच सौम्य आहे’ असं म्हणत भिंतीला हात लावतो.

आता मुख्य अडचण. पाकिटात आलेला व्हॅनिला तोंडात येत नाही. नवशिक्या वाट बघतो. एक झुरका, दोन झुरके. तोंडात गरम हवा आणि किंचित कडवटपणा. कुठंतरी असेलच म्हणून तो जोरात ओढतो. जोरात ओढल्यानं आग वाढते, आगीनं वाफ वाढते, आणि जिभेच्या टोकाला इंगळी डसल्यागत होतं. गोड तंबाखूनं जीभ पोळते ती अशी, गोडवा शोधताना.

व्हॅनिला गेला कुठं? तो हवेत गेला. खोलीत, अंगणात, भिंतीपलीकडं वहिनींकडं. या तंबाखूचा सगळा सुवास ओढणाऱ्याला सोडून इतरांना मिळतो. परदेशातले पाइपवाले यालाच मोठा गुण मानतात. बायको घरात ओढू देते, असं ते एकमेकांना आनंदानं सांगतात. म्हणजे पाकिटाचे पैसे तुम्ही भरायचे, जीभ तुमची पोळायची आणि सुवास गल्लीचा. सार्वजनिक गणपतीच्या वर्गणीपेक्षा हा खर्च कसा वेगळा, ते खजिनदाराला विचारून घ्यावं.

अनुभव सांगणे

पाइप ओढणाऱ्याला ओढण्यापेक्षा बोलावं जास्त लागतं. कुणी ‘कसं लागलं?’ विचारलं तर ‘गोड’ म्हणू नये, ते पाकिटावरच लिहिलेलं आहे. आधी डोळे बारीक करावेत. मग ‘मागं थोडं सुकं अंजीर आहे’ असं म्हणावं. अंजिराचा पुरावा कुणी मागत नाही. बर्ली असेल तर भाजलेल्या शेंगदाण्याचा उल्लेख करावा, आणि तो बऱ्यापैकी खराही असतो. व्हर्जिनिया असेल तर जाणकार ताज्या वाळलेल्या गवताच्या वासाची तारीफ करतात. ही तारीफ गोठ्यासमोर उभं राहून करू नये. वैरणीचा वास घ्यायला परदेशातून पाकीट मागवलं हे ज्याला कळेल तो गावभर सांगेल.

ही बोलण्याची रीत नवी नाही, आणि तिचा उगम आपल्या शेजारीच आहे. 1604 च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबाराकडून परतताना तिथं सापडलेली तंबाखू घेऊन गेला. उत्तरेत त्यानं ती कधी पाहिली नव्हती. त्यानं जे लिहून ठेवलं आहे ते प्रत्येक नवशिक्यानं समजून घ्यावं. नळी तीन हात लांब, सुमात्रा बेटावरच्या आचेहून आणलेली, दोन्ही टोकांना जडाव आणि मिना. तोंडाशी येमेनी अकीक. पेटवायला सोन्याचं भांडं. तंबाखू ठेवायला खुद्द आदिलशहानं दिलेली विड्याची पिशवी. खाली चांदीचं तबक, नळीला चांदीचं वेष्टण, त्यावर जांभळं मखमल. इतकं सगळं. आणि धूर कसा लागला? त्याबद्दल त्याला काही सांगायचं नव्हतं. आजही पाइपवाल्याला त्याच्या छंदाबद्दल विचारा, आधी लाकूड, मग नळी, मग डबा, आणि चव विचारायच्या आत चहा येतो.

बादशहानं वकिलाचं मन राखायला दोन-तीन झुरके घेतले. हकीम अस्वस्थ झाला आणि त्यानं पुढं घेऊ दिले नाहीत. वाद रंगला: हकीम म्हणे, आपल्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही. असद बेग म्हणे, फिरंगी काही मूर्ख नाहीत, त्यांच्यातही जाणते लोक आहेत. बादशहानं सवय लावून घेतली नाही. ती दरबाऱ्यांनी लावून घेतली, आणि बघता बघता व्यापारी तंबाखू विकू लागले. तिकडं त्याच 1604 साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स तंबाखूविरुद्ध पुस्तिका छापत होता. 1617 साली जहांगिरानं बंदी घातली. अकबराचा हकीम, एक इंग्रज राजा आणि एक मोगल बादशहा एका बाजूला, विजापूरची पिशवी दुसऱ्या बाजूला, पिशवी जिंकली. 1795 मध्ये झोमरिंग नावाच्या जर्मन वैद्यानं नोंद केली, की पाइप ओढणाऱ्यांच्या ओठाला कर्करोग होताना दिसतो, नळी टेकते तिथंच. आता भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटाच्या दर्शनी बाजूचा 85 टक्के भाग इशाऱ्यानं आणि त्याच्या चित्रानं भरलेला असतो आणि कप्तान उरलेल्या पंधरा टक्क्यांत अवघडून उभा राहतो. चित्र बघायचं नसेल तर तंबाखू डब्यात काढून ठेवावी, असा सल्ला काही अनुभवी देतात. आम्ही देत नाही. ते चित्र पाकिटावरचा एकमेव खरा मजकूर आहे.

‘सौम्य’ म्हणण्याआधी

इथं थोडा प्रवास आहे. नवशिक्यानं सकाळची गाडी पकडून निपाणीला जावं, रुमाल बरोबर घ्यावा, आणि तंबाखूच्या वखारीच्या दारात नुसतं उभं राहावं.

पाइपाबद्दल ऐकलेलं काहीही तिथं कामाला येत नाही. आत बायका बसलेल्या असतात. कुटणं, चाळणं, पाखडणं, पान वेगळं, काडी वेगळी, धूळ वेगळी. तोंडाला पदर. धूळ दिसत नाही एवढी बारीक आणि ती थांबत नाही. दारात उभ्या माणसाला पाचव्या मिनिटाला शिंका, दहाव्या मिनिटाला डोळ्यांत पाणी. या बायकांनी 1980 च्या आसपास संघटना बांधली, संप केले, मजुरीसाठी आणि माणसासारखं वागवलं जाण्यासाठी रस्त्यावर आल्या. ‘युगांतर’ या गटानं 1982 साली त्यांच्यावर माहितीपट केला, ‘तंबाकू चाकिला ऊब आली’. पाइपाच्या छंदिष्टांनी आपल्या संग्रहात एवढी एक फीत ठेवावी. तंबाखूचा खोलीभर दरवळ म्हणजे काय, ते तिच्यातल्या बायकांना विचारावं.

रानातही तेच. पहाटेच्या दवात ओलं पान हाताळलं की निकोटिन कातडीतून आत जातं, मळमळतं, डोकं गरगरतं. तंबाखू न ओढता, न खाता. तुम्हाला जे पहिल्या पाइपाला झालं तेच, फक्त मजुरी मिळवताना आणि व्हॅनिलाशिवाय.

येताना महामार्गावर डावीउजवीकडं बघत यावं. 1981 च्या मार्चमध्ये तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी याच पुणे-बेंगळूर रस्त्यावर बसले होते. तीन आठवड्यांच्या वर बसले. रस्त्यावरच चुली मांडल्या, वस्तीला आंदोलननगर नाव पडलं. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी मारले गेले. या भागातला तंबाखूचा सगळ्यात मोठा धूर तो. तिला सौम्य म्हणायची हिंमत त्यानंतर ज्याची होईल त्यानं खुशाल म्हणावं.

नंतरची कामं

ओढून झाल्यावर पाइप गरम असताना नळी ओढून काढू नये, फुटते. राख झटकून तारेच्या काकड्यानं आतून पुसावा आणि दिवसभर सुकू द्यावा. गोड तंबाखूचा पाक भांड्याच्या आत बसतो आणि जात नाही. चेरीच्या पाइपात नंतर काहीही भरा, चेरीच. काकडा बाहेर निघतो तेव्हा त्याच्यावर जे काळं चिकट असतं ते घरच्यांना दाखवू नये, किंवा सवय सोडायची असेल तर स्वतः रोज बघावं.

बहुतेक कंग्राळीकरांचा पाइप दिवाळीपर्यंत टिकतो. मग तो शोकेसमध्ये जातो, मुलाच्या क्रिकेटच्या कपाशेजारी. उरलेल्या अर्ध्या पाकिटाचं काय करायचं, हा प्रश्न राहतो.

कोबीवर मावा पडला की तंबाखूचा काढा फवारतात हे भाजीवाल्या गावाला सांगायला नको. पण त्यासाठी निपाणीची काडी चांगली. ही पाक घातलेली उकळून फवारली तर माव्याचं काय होईल ते होवो, मुंग्या मात्र नक्की येतील. पाकीट कपाटात कपड्यांत ठेवलं तर शर्टाला व्हॅनिला लागतो आणि बसमध्ये लोक मागं वळून बघतात. आज्याला द्यावं, तर त्याचं मत आधीच नोंदलेलं आहे.

पाकीट घरात आहे तोवर एक खबरदारी. टोमॅटो नाहीतर मिरचीचा वाफा असेल तर तिकडं पाइप घेऊन फिरू नये आणि पाकिटात घातलेला हात रोपांना लावू नये. तंबाखूच्या पानावर मोझॅकचा विषाणू असू शकतो, वाळवून, वाफवून, पाक पाजूनही तो कधीकधी जिवंत राहतो, आणि हाताला लागून रोपांवर जातो. पानं पिवळी-हिरवी पडतात, गोळा होतात, आणि शेजारच्या बांधावरचा माणूस भांडायला येतो. साबणानं हात धुवावेतच, पण रोपवाटिकावाले दुधातही बुडवतात, दुधानं तो विषाणू निकामी होतो. पेलाभर पुरतं. घरात दूध मागताना कशाला पाहिजे ते सांगू नये.